एकाक्ष दिग्दर्शकाचा थ्रीडी वेस्टर्न

थ्रीडीची सारी करामत दोन डोळ्यांवर चालते आणि ‘गन फ्युरी’चे (1953) दिग्दर्शक राउल वॉल्श यांना डोळा एकच होता. 1928 साली ‘इन ओल्ड ॲरिझोना’च्या कामावर असताना मोटारीच्या काचेतून एक ससा आत घुसला आणि उजवा डोळा घेऊन गेला. म्हणजे कोलंबिया कंपनीने हा चित्रपट ज्यांच्या हाती दिला, त्यांना तो पडद्यावर थ्रीडीत दिसणारच नव्हता.

गोष्ट साधी. लुटारू स्लेटन घोडागाडी लुटतो, जेनिफरला पळवतो. मेला समजून मागे टाकलेला तिचा वाग्दत्त वर बेन पाठलागावर निघतो. पटकथाकारांत आयर्विंग वॉलेस आहेत, पण संवादांत चमक बेताचीच. रॉक हडसनचा बेन देखणा आणि जरा मठ्ठ. डोना रीडला त्याच वर्षीच्या ‘फ्रॉम हिअर टु इटर्निटी’ने ऑस्कर मिळवून दिलं, इथे तिच्या वाट्याला मुख्यतः अपहरणच येतं.

बघायची ती जागेची मांडणी. एका डोळ्याने जगणारा माणूस अंतर ओळखतो ते कशामागे काय दडलंय, काय लहान होत गेलंय, धूळ कुठे विरळ झालीय यावरून. वॉल्शची चौकट नेमकी अशीच भरलेली असते. सेडोनाचे तांबडे सुळके मागे, मध्ये उघडं माळरान, त्यातून धुरळा उडवत जाणारे स्वार. स्लेटनशी बिनसलेल्या जेसला खांबाला बांधून गिधाडांच्या हवाली केलं जातं, तेव्हा भीती वाटते ती त्याच्याभोवतीच्या मोकळ्या मैलांची. हाक मारली तर ऐकणार कोण? बेन त्याला सोडवतो आणि कालचा लुटारू त्याचा सोबती होतो. लिओ गॉर्डनचा हा जेस नायकापेक्षा कितीतरी जिवंत आहे.

प्रेक्षकांच्या अंगावर वस्तू फेकायची त्या वर्षीची खोड इथेही आहे. ते क्षण खुशाल हसण्यावारी न्यावेत. आणि तेव्हाचा चष्मा लाल-निळा नव्हता बरं का. करड्या पोलरॉइड काचांचा होता. दोन प्रोजेक्टर एकदम चालायचे, पडदा चंदेरी लागायचा, आणि रिळं बदलायला मध्यंतर घ्यावंच लागायचं. एवढा खटाटोप फार दिवस परवडला नाही. ‘गन फ्युरी’ मात्र चष्म्याशिवाय, साध्या पडद्यावरही तितकाच खोल दिसतो. त्या वर्षीच्या बहुतेक थ्रीडीपटांना ते साधलेलं नाही.