विणकर पणजोबा आणि १९०१ची जनगणना : साधन आधी तपासा, मग विषय ठरवा

"आमचे पणजोबा नागपुरात हातमागावर विणायचे. जुन्या जनगणनेतून त्यांचं घर, शेजारपाजार शोधता येईल का?" विषय म्हणून हा प्रश्न छान आहे. पण प्रस्ताव लिहायला बसण्याआधी साधन तपासायला हवं. म्हणून आज मध्य प्रांताचा १९०१चा जनगणना अहवाल वाचू. जनगणना अधीक्षक होते आर. व्ही. रसेल.

ही अपेक्षा येते कुठून? इंग्लंडमध्ये १९२१च्या जनगणनेचे भरलेले फॉर्म जानेवारी २०२२मध्ये खुले झाले. अमेरिकेत ७२ वर्षांनी होतात. १९५०चे एप्रिल २०२२मध्ये झाले. तिथे एखाद्या सुताराचं घर, बायको, मुलं, भाडेकरू, शेजारी असं सगळं नावानिशी सापडतं.

आपल्याकडे काय झालं? प्रगणकाने नाव, वय, जात, धंदा, जन्मस्थान लिहून घेतलं. मग प्रत्येक माणसाची माहिती एकेका चिठ्ठीवर उतरवली, चिठ्ठ्या वेगवेगळ्या करून मोजल्या आणि तक्ते तयार केले. तक्ते छापले गेले. भरलेली पत्रकं आणि चिठ्ठ्या जपल्या गेल्या नाहीत. विज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर निष्कर्षाचा तक्ता हाती आहे, रॉ डेटा गेला. स्वातंत्र्यानंतरच्या नोंदी पाहण्याचा हक्क तर १९४८च्या जनगणना कायद्याचं कलम १५ कुणालाच देत नाही. थोडक्यात, पणजोबांचं नाव इथे मिळणार नाही.

म्हणून अहवाल टाकाऊ ठरतो का? अजिबात नाही. नागपूरची लोकसंख्या बघा : १८८१ला ९८,२९९, १८९१ला १,१७,०१४, १९०१ला १,२७,७३४. पहिल्या दशकात वाढ सुमारे १९ टक्के, दुसऱ्यात जेमतेम ९. मधे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पडले होते. संपूर्ण प्रांताची लोकसंख्या घटली, तरी शहर थोडं का होईना वाढलं. एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७लाच सुरू झाली होती. मग शहरात आलं कोण, आणि हातमागावरचे किती जण मिलमध्ये गेले? अहवाल असा प्रश्न हातात देतो, ही त्याची खरी ताकद. मात्र 'लोक आले' यावरून 'माझे पणजोबा आले' असं म्हणता येत नाही. समूहाची सरासरी एका माणसाच्या गळ्यात बांधू नका.

दुसरी अडचण वर्गवारीची. जातीचा तक्ता वेगळा, धंद्याचा वेगळा. नागपुरात विणकर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोष्टी येतात. पण मोमीनही विणायचे, आणि जाडंभरडं कापड विणणारे महारही होते. फक्त 'कोष्टी'चा आकडा उचलून त्याला 'नागपूरचे विणकर' म्हणाल, तर कितीतरी घरं तुमच्या अभ्यासातून आपोआप गळतील.

तिसरी अडचण वर्णनांची. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे जाती-जमातींवरचे चार खंड १९१६मध्ये आले. आज ते इंटरनेटवर फुकट मिळतात, म्हणून 'पार्श्वभूमी'च्या प्रकरणात त्यांतले परिच्छेद सरळ चिकटवले जातात. त्यांतला बराच मजकूर अधिकारी, शिक्षक वगैरेंच्या टिपणांवर उभा आहे. मागावरचा माणूस तिथे क्वचितच बोलतो. त्यातली व्युत्पत्ती आणि दंतकथा 'तेव्हा असं सांगितलं जात होतं' एवढ्याच वजनाने घ्या.

हे एवढं ताणायचं कारण आहे. पाचपावली, गोळीबार चौक या भागांत फिरलात तर हलबा-कोष्टी प्रश्न तुम्ही नक्की ऐकाल. २८ नोव्हेंबर २०००च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की अनुसूचित जमातींची यादी आहे तशीच वाचायची. 'हलबा'मध्ये 'हलबा-कोष्टी' येतात का, याची चौकशी करायची नाही. बदल करायचा तर संसदेनेच. निकाल कुणाला पटो न पटो, जुन्या कागदावरच्या एका शब्दाने नातवाचा प्रवेश किंवा नोकरी ठरते, हे इथलं वास्तव आहे. म्हणून नोंद जशी आहे तशी उतरवा. 'कोष्टी'चं 'हलबा' करू नका, 'हलबा'चं 'कोष्टी'ही करू नका. वर्ष, नोंद करणारं कार्यालय आणि नोंदीचा हेतू शेजारी लिहा.

मग पणजोबा शोधायचे कुठे? शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, जन्म-मृत्यूच्या नोंदी, खेड्यातून आलेलं घर असेल तर तिथलं कोतवाल बुक, घराचे नझूल कागद, जुनी खरेदीखतं, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. नागपूरची नगरपालिका १८६४ची आहे, तेव्हा घरपट्टीच्या जुन्या नोंदींचीही चौकशी करा. आणि घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. कांड्या कोण भरायचं, सूत कोणाकडून उधार यायचं, हे कुठल्याच तक्त्यात नसतं.

माझं मत विचाराल तर १९०१चा अहवाल प्रबंधात जरूर घ्या, पण तो पहिल्या प्रकरणात ठेवा. तो मोहल्ल्याभोवतालचं शहर दाखवतो. मोहल्ल्यातलं घर दुसऱ्या कागदांतून शोधावं लागतं, आणि तुमच्या गाईडला प्रस्तावात नेमके हेच कागद पाहायचे असतात.