ऋतुगीताचे आयुष्य: तंजावरची दोन कुरवंजी नाटके

नाताळची पॉप गीते दरवर्षी लोकप्रियतेच्या क्रमवारीत परततात, याची मीमांसा सहसा बाजारपेठेच्या परिभाषेत केली जाते. मराया कॅरी यांचे ‘ऑल आय वॉन्ट फॉर ख्रिसमस इज यू’ हे १९९४चे गीत अमेरिकेतील बिलबोर्ड क्रमवारीत डिसेंबर २०१९मध्ये प्रथम अग्रस्थानी आले. ‘व्हॅम’चे १९८४चे ‘लास्ट ख्रिसमस’ ब्रिटनमध्ये जानेवारी २०२१मध्ये पहिले ठरले. तबकडी एकदाच विकली जाते. ती घरात किती वर्षे वाजते, हे विक्रीच्या आकड्यांना कळत नाही. आंतरजालावरील श्रवण मोजले जाऊ लागल्यावर ही पुनरावृत्ती दृश्यमान झाली. परंतु मोजणीने टिकाऊपणाची नोंद होते, कारण कळत नाही. ते कारण शोधण्यासाठी तंजावर राजवाड्याच्या परिसरातील एक जोडी उपयुक्त ठरते.

दुसरे सरफोजी राजे (१७७७–१८३२) आणि तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायक शास्त्री (१७७४–१८६४) हे दोघेही जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या छायेत वाढले. दोघांनीही कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार हाताळला. त्यात विरहिणी नायिकेला भटकी कुरत्ती भविष्य सांगते आणि सांगता सांगता डोंगर, नद्या, देश वर्णिते. सरफोजींनी मराठी ‘देवेंद्र कुरवंजी’त या वर्णनाच्या चौकटीत जगाचा भूगोल बसविला. शास्त्रींच्या ‘बेथलेहेम कुरवंजी’त सियोनकन्या नायिका झाली, ख्रिस्त तिचा वल्लभ झाला, नवे भूगोल-खगोलज्ञानही त्यात आले.

रचनाप्रकार, नगर, काळ आणि गुरू समान असूनही दोन्ही कृतींचे प्राक्तन भिन्न आहे. ‘देवेंद्र कुरवंजी’ आज मुख्यतः अभ्यासकांची संहिता आहे. शास्त्रींची पदे मात्र तमिळ चर्चांत नाताळच्या दिवसांत अद्याप गायिली जातात. हा भेद केवळ काव्यगुणांचा मानता येत नाही. भूगोलाच्या पाठाला वर्षातून एकदा परतणारा दिवस नसतो. ख्रिस्तजन्माला तो असतो. तथापि पंचांग एकटे पुरेसे नाही. शास्त्रींच्या मागे गाणारी मंडळी, छापील गीतसंग्रह आणि कथाकालक्षेप करणारे वंशज होते. मराठी कृतीचा श्रोता दरबारात होता आणि १८५५मध्ये संस्थान खालसा झाल्यावर तो आश्रयही संपला.

अशा समूहाचे आदर्शीकरण मात्र टाळावे लागते. नव्या मिशनऱ्यांशी झालेल्या वादात शास्त्रींनी देशी गायनपद्धतीसोबत ख्रिस्ती समाजातील जातिभेदाचीही पाठराखण केली. पुनरावृत्ती गीताबरोबर समाजाची उतरंडही जपते, हे टिकाऊपणाच्या कोणत्याही सिद्धान्ताने स्वीकारले पाहिजे.

मराठी वाङ्मयेतिहासापुढे यातून एक प्रश्न उभा राहतो. तंजावरची मराठी आपण सरस्वती महालातील हस्तलिखितांत शोधतो. परंतु मराठी कीर्तनातील साकी, दिंडी हे छंद तमिळ हरिकथेत रुजले आणि तेथे उत्सवप्रसंगी गायिले जात राहिले. ग्रंथालयातील संहिता मोजून या परंपरेचे आयुष्य ठरविणे म्हणजे विक्रीवरून गीताचे आयुष्य ठरविणे होय. तंजावरच्या वाङ्मयाची सूची जशी झाली, तशी त्याच्या प्रयोगप्रसंगांचीही व्हावयास हवी. त्याखेरीज कोणती कृती जगली आणि कोणती केवळ उरली, हे सांगता येणार नाही.