मैदानावरचा केदार

शाळेच्या परिपाठाला ‘हमको मन की शक्ति देना’ गायलेल्या बहुतेकांना आपण केदार गात होतो याचा पत्ता नसतो. केदार हा काही सोपा राग नाही. दोन मध्यम, आणि सुरांच्या जिन्यावरून सरळ चढायचं सोडून वळणं घेत जाणारी चाल. ‘गुड्डी’ (१९७१) या सिनेमात वाणी जयराम यांनी गायलेली ही प्रार्थना पुढे गावोगावच्या पोरांनी हात जोडून, एक डोळा किलकिला ठेवून गायली. आमच्या हातकणंगलेतही. रागाचं नाव न सांगता तो हजारो गळ्यांत उतरवणं, वसंत देसाईंचं हे काम मला त्यांच्या बाकी सगळ्या कामापेक्षा मोठं वाटतं.

त्यांच्यावर लिहिताना ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) येतो, ‘गूंज उठी शहनाई’ (१९५९) आणि बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई येते. ते यायलाच हवं. पण त्यात एक-एक कलावंत सुटा उजळून दिसतो. घोळक्यासाठी चाल बांधणारे देसाई त्या लेखांत तळटीपेइतकेच उरतात.

त्यांची सुरुवातही घोळक्यातलीच. जन्म १९१२चा, कुडाळकडचा. १९२९मध्ये कोल्हापुरात ‘प्रभात’ सुरू झाली तेव्हा हा मुलगा तिथे पोचला आणि पडेल ते काम करू लागला. ‘खुनी खंजर’ (१९३०) या मूकपटात दिसला, ‘अयोध्येचा राजा’मध्ये (१९३२) गायला, गोविंदराव टेंबे यांच्या हाताखाली शिकला. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. नट कॅमेऱ्यासमोर गाणार, वादक चौकटीच्या बाहेर बसून वाजवणार, आणि एकाचा सूर हलला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. माझा अंदाज असा की आपला आवाज दुसऱ्याच्या आवाजात कसा बसवायचा, हे देसाई कुठल्या पुस्तकाआधी त्या उकाड्यात शिकले असणार. स्वतंत्र संगीतकार म्हणून नाव झालं ते पुढे, शांतारामबापूंच्या ‘राजकमल’मध्ये, ‘शकुंतला’च्या (१९४३) वेळी.

आमच्या भागात मागे उभं राहून गाणाऱ्याला हक्काचं नाव आहे, झीलकरी. पिराजीराव सरनाईकांसारखे शाहीर कोल्हापुरात ऐकलेल्या पिढीला हे वेगळं सांगायला नको. शाहिराला दम घ्यायला जागा द्यायची, त्याची ओळ उचलायची, ताल सोडायचा नाही. झीलकरी चांगला असेल तर त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, वाईट असेल तर सगळा पोवाडा पडतो. देसाईंनी होनाजी बाळावरच्या ‘अमर भूपाळी’ला (१९५१) संगीत दिलं तेव्हा हे जग त्यांच्या कानाला परकं नव्हतं.

मग येतो ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७). त्याची प्रेरणा आमच्यापासून फार लांब नाही, सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगात आहे. ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ लताबाईंनी गायलं असलं तरी सिनेमात ते सहा कैद्यांचंही गाणं आहे. ज्यांनी जन्मात सूर लावला नाही अशांच्या तोंडी शोभेल अशी चाल हवी होती. म्हणून त्यात कसरती नाहीत. कुणीही ओळीच्या मध्येच आत शिरू शकतो.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. शंभर मीटरच्या मैदानात पहिल्या रांगेचा सूर शेवटच्या रांगेला पाव सेकंदाहून जास्त उशिरा ऐकू येतो. गाणं मिनिटाला ८० मात्रांचं असेल तर हा उशीर मात्रेच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठा. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन परिपाठ का फसला, तर याच कारणाने: उशीर इतका की एकानं गायचं आणि बाकीच्यांनी म्यूट राहायचं. देसाईंनी ‘एक सूर एक ताल’ या उपक्रमात शाळकरी मुलांच्या मोठमोठ्या समूहांना गायला लावलं, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. त्यांच्या प्रार्थना हेडफोन लावून ऐका. लय संथ, ओळीच्या शेवटी श्वासाला जागा. मागच्या रांगा तेवढ्यात येऊन मिळतात.

याला दुसरी बाजू आहे. ‘छोटा जवान’मधलं (१९६३) ‘जिंकू किंवा मरू’ ऐकताना मला समूह ऐकू येत नाही, कवायत ऐकू येते. चीन युद्धानंतरचा काळ लक्षात घेऊनही तिथे चालीपेक्षा बूट मोठे झालेत असं वाटतं. आणि सगळ्यांचा एकच सूर म्हणजेच समूहगान, हेही पूर्ण खरं नाही. मुंबईत व्हिक्टर परांजोतींच्या गायकवृंदात गाणाऱ्या कूमी वाडिया १९६७मध्ये त्यांच्या निधनानंतर त्या वृंदाच्या संचालक झाल्या आणि पुढे कित्येक दशकं तो चालवला. तिथे चार गट चार वेगळ्या ओळी गातात आणि त्यातून एक गाणं उभं राहतं. मराठी शाळेनं हे कधी करून पाहिलं नाही, आणि देसाईंचा वारसा त्याला काही प्रमाणात कारण आहे. पण वाडियाबाईंच्या वृंदात शिरायला तयारी लागते. देसाईंच्या रांगेत उभं राहायला फक्त शाळेचा गणवेश लागायचा.

१९६६मध्ये एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी संयुक्त राष्ट्रसंघात गायलेल्या ‘मैत्रीं भजत’ची चालही देसाईंचीच. एका असामान्य गळ्यासाठी बांधलेली, तरी आज शाळांचे समूह तीही गातात.

गातात, म्हणजे जिथे अजून पेटी आहे तिथे. बऱ्याच शाळांत आता पेनड्राइव्ह स्पीकरला लावतात आणि मूळ सिनेमातलं गाणं सुरू होतं. पूर्वी बाई पेटीवर मुलांना झेपेल ती पट्टी धरायच्या. लताबाईंची पट्टी आवाज फुटलेल्या आठवी-नववीच्या मुलांना झेपत नाही. ती पोरं मागच्या रांगेत नुसते ओठ हलवत उभी असतात.