मुलूखमैदानचा जबडा

सभा दणाणून सोडणाऱ्या वक्त्याला मराठीत मुलूखमैदान तोफ म्हणायची पद्धत आहे. निवडणुका लागल्या की वर्तमानपत्रांत अशा तोफा तालुक्यातालुक्याला धडाडू लागतात. मूळ तोफ मात्र विजापूरच्या शेर्झा बुरुजावर गप्प बसून आहे. तिथे जाण्याआधी ती परांड्याच्या किल्ल्यात होती, आजच्या धाराशिव जिल्ह्यात, हे धाराशिवच्या माणसालाही पुष्कळदा सांगावं लागतं. 1632 मध्ये आदिलशाहीचा सरदार मुरार पंडित ती परांड्याहून घेऊन गेला. तिच्याबद्दलच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. तिच्याकडे बघणं त्या मानाने कमी होतं. हा लेख बघण्यासाठी आहे.

आधी मापं. लांबी 14 फूट 4 इंच. जास्तीत जास्त व्यास पाच फुटांना एक इंच कमी. नळीचं तोंड सुमारे 28 इंच. वजन अंदाजे 55 टन. 1549 मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, बुऱ्हाण निजामशहासाठी मुहम्मद बिन हुसेन रूमी नावाच्या कारागिराने ती ओतली. रूमी म्हणजे तुर्कस्तानाकडचा. त्याच्या मुलखात अजस्र तोफा ओतण्याची विद्या तोवर शंभर वर्षांची जुनी झालेली होती. 1464 मध्ये मुनीर अलीने ओतलेल्या प्रसिद्ध उस्मानी तोफेचं तोंड 25 इंचांचं आहे आणि वजन सुमारे 17 टन. तोंडाच्या बाबतीत रूमी तिच्या तीनच इंच पुढे गेला, वजनात मात्र तिपटीहून जास्त. असं का झालं, याचं उत्तर धातूत आहे. तिकडे नंतर येऊ.

मोठ्या बोअरचं, म्हणजे रुंद नळीचं, हत्यार निवडणाऱ्यापुढचे प्रश्न कुठेही आणि केव्हाही सारखेच असतात. अमेरिकेत अनेक राज्यांत रिव्हॉल्व्हरने हरणाची, रानडुकराची, काही ठिकाणी अस्वलाचीही शिकार करायला परवानगी मिळते. तिथला शिकारी 1955 च्या सुमाराला बाजारात आलेलं पॉइंट 44 मॅग्नम घ्यावं, त्याहून दणकट पॉइंट 454 कॅसूल घ्यावं, की 2003 मध्ये स्मिथ अँड वेसनने काढलेल्या पॉइंट 500 वर जावं, या विचारात महिने घालवतो. गोळी जड आणि वेगवान केली की धक्का वाढतो. धक्का सोसायचा तर हत्यार वजनदार हवं. वजनदार हत्यार कमरेला लावून दिवसभर रानात हिंडायचं म्हटलं की रायफल काय वाईट होती, असं वाटायला लागतं. शिवाय धक्क्याच्या भीतीने चाप ओढण्याआधीच मनगट आकसतं आणि नेम चुकतो. म्हणून मुरलेले शिकारी सांगतात की ज्या मापाने तुम्हाला नेम साधता येतो तेवढंच माप घ्या. त्यापुढचं माप म्हणजे फक्त आवाज. ही मापं इंचाच्या शतांशांत किंवा सहस्रांशांत लिहितात. त्याच रीतीने मुलूखमैदानचं माप लिहायचं तर पॉइंटच्या डाव्या बाजूला 28 येईल.

आपल्याकडे हा खल कागदावरच राहतो, आणि राहिलेला बरा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. परवान्यावर मिळतं ते बहुतेक पॉइंट 32 चं रिव्हॉल्व्हर, तेही स्वतःच्या रक्षणासाठी. 2024 च्या अखेरीस यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ शेकडो किलोमीटर चालत येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात आला. त्याच्या मागावर निघालेल्या वनखात्याच्या पथकाने बंदूक घेतली ती भुलीच्या औषधाची सुई मारणारी.

आता तोफेचं तोंड.

तोंड म्हणजे एक वासलेला जबडा. सिंह म्हणा, मकर म्हणा, त्याची जात नक्की सांगता येत नाही आणि शिल्पकाराला ती सांगायचीही नसावी. वाकडे, तीक्ष्ण सुळे आहेत. दोन्ही बाजूंना त्या सुळ्यांच्या कचाट्यात एकेक लहानसा हत्ती सापडला आहे. दख्खनच्या किल्ल्यांवर हत्तीला धरलेला शरभ आपण दरवाज्यादरवाज्यावर पाहतो. तिथे हत्ती पंजात असतो, शेपटीत असतो, क्वचित तोंडात. पण त्या शरभाच्या तोंडामागे भिंतच असते. त्याने हत्ती गिळायचा म्हटला तरी तो जाणार कुठे? मुलूखमैदानच्या जनावराला मात्र खरा घसा आहे. तो कुणी कोरलेला नाही. नळीची पोकळी हाच घसा. तोफखान्याला जे माप हवं होतं ते शिल्पकाराने जसंच्या तसं घेतलं आणि त्याच्याभोवती ओठ, दात, नाक उभं केलं. या कामातली मला सर्वांत मोठी वाटणारी बुद्धी इथे आहे. अलंकार वस्तूवर चिकटवलेला नाही. वस्तूत जे रिकामं होतं त्यालाच अर्थ दिला आहे.

हत्ती लहान का, हेही पाहण्यासारखं आहे. जवळपास पाच फुटांच्या दर्शनी भागावर मोठे, ठसठशीत हत्ती काढायला जागा होती. ते इवले ठेवले, कारण हत्ती हे इथे मोजमाप आहे. जबडा किती मोठा, तर हत्ती त्यात भाजलेल्या शेंगेसारखा मावेल एवढा. 28 इंच हा आकडा ऐकून कुणी दचकत नाही. दाताखाली हत्ती दिसला की दचकतो.

मग बाकीचे अवयव. नाकाचा शेंडा वर उचललेला आहे, आणि तीच नेम धरायची माशी. छोट्या कानांना भोकं आहेत, दोर आणि साखळ्या अडकवून हे धूड हलवता यावं म्हणून. म्हणजे तोंडावरचा एकही अवयव नुसता शोभेला नाही. घशातून गोळा जातो, नाकावरून नजर जाते, कान ओढायला कामी येतात. हौस करूनही कारागीर कामाला चुकलेला नाही. आजचा रिव्हॉल्व्हर बनवणारा लाकडी मुठीवर नक्षी काढतो ती नेमकी हात घसरू नये अशा जागी, त्यामागेही हीच अक्कल असते.

एक गोष्ट मात्र मला अडते. हे तोंड पाहणार कोण? बत्ती देणारा गोलंदाज मागे उभा, त्याला फार तर नाकाचा शेंडा दिसणार. समोरचा शत्रू गोळ्याच्या टप्प्याच्या कडेला, म्हणजे दाताखालचे हत्ती दिसू नयेत इतका लांब. जवळ येऊन ते पाहण्याइतका वेळ मिळालेला शत्रू एक तर जिंकलेला असणार, नाही तर वकील म्हणून आलेला. माझा कल दुसरीकडे आहे. हा जबडा दरबारातल्या लोकांसाठी, शेजारच्या सुलतानांच्या वकिलांसाठी आणि त्यांनी परत जाऊन सांगायच्या वर्णनांसाठी घडवला गेला असावा. मोठ्या मापाचा बराचसा उपयोग बत्ती देण्याआधीच होऊन जातो. 1971 मध्ये ‘डर्टी हॅरी’ पडद्यावर आल्यावर त्यातल्या नायकाच्या पॉइंट 44 मॅग्नमची मागणी वाढली. ती वाढवणाऱ्या किती जणांना खरोखर रानात जायचं होतं?

शिकारीचा धागा इथे उगाच ओढलेला नाही. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात वाघाच्या शिकारीला हत्तीवरून निघणारे साहेब हौद्यात एक खास पिस्तूल ठेवत. दोन आखूड नळ्यांचं, प्रचंड बोअरचं. इंग्रजीत त्याचं नावच हौदा पिस्तूल पडलं. त्याचा शिकारीशी संबंध असा, की शिकार बिघडली म्हणजे ते बाहेर काढायचं. जखमी वाघ हत्तीच्या मस्तकावर चढला, पंजे हौद्याच्या कठड्याला लागले, रायफल फिरवायला जागा उरली नाही, की हातभर अंतरावरून हे झाडायचं. तिथे नेमाला महत्त्व नाही, फक्त मापाला आहे. मोठं बोअर खरं शोभतं ते अशा अंतरावर. रूमीच्या शिल्पात तोच क्षण आहे: जनावराचे दात हत्तीवर बसलेले आहेत आणि हौद्यात कुणी नाही.

आता धातू. पृथक्करणात तांबं सुमारे 80 टक्के आणि कथील 20 टक्के निघालं. हा घंटेचा धातू. नेहमीच्या ओतीव तोफेत कथील याच्या निम्म्याच्या आसपास असतं. कथील वाढलं की धातू कठीण होतो, त्याला नाद येतो, झिलई चढते, पण तो ठिसूळही होतो. ठिसूळ नळी फुटू द्यायची नसेल तर भिंत जाड हवी. मुलूखमैदानची भिंत सव्वा फुटाहून जाड आहे, आणि 55 टनांतलं बरंचसं वजन या जाडीचं आहे. टिचकी मारली तर ती घंटेसारखी वाजते. हिरवट काळ्या अंगावर पावणेपाचशे वर्षांचं ऊनपाऊस नीट जिरलेलं आहे. एवढ्या चांगल्या धातूची बोली एकदा 150 रुपये झाली होती. 1854 मध्ये सरकारने विजापुरातलं निकामी सामान लिलावात काढलं तेव्हाची गोष्ट. ही किंमत फार थोडी आहे आणि लोकांचा या तोफेवर जीव आहे, असं तिथल्या अधिकाऱ्याने वर कळवलं, म्हणून विक्री रद्द झाली.

अंगावर लेख आहेत. एकात घडवणाऱ्याचं नाव. दुसऱ्यात निजामशहा स्वतःला प्रेषिताच्या घराण्याचा सेवक म्हणवतो. पुढे हत्ती चावणारा जबडा आणि मागे ही नम्रता, असा हा मजकूर आहे. तिसरा लेख औरंगजेबाचा, विजापूर घेतल्यानंतरचा. त्याने आधीचे लेख खरवडले नाहीत, आपला त्यांच्या शेजारी घातला. जिंकलेल्या वस्तूचा जुना मालक वाचता आला तरच नव्या मालकाची शान, हे त्याला ठाऊक असावं.

1565 च्या तालिकोटच्या लढाईत या तोफेत तांब्याच्या पैशांच्या थैल्या भरून विजयनगरच्या फौजेवर झाडल्या, अशी कथा फार जुनी आहे. पैशांचा मारा झाला असेल. निजामशाही तोफखाना त्या लढाईत होता आणि त्याने कहर केला हेही खरं. पण 55 टनांची तोफ कृष्णाकाठच्या रणांगणात आणून, फिरवून, आयत्या वेळी पैशांनी ठासली, हे मला पटत नाही. एका गोळ्याचा हिशेब करा. 28 इंचांच्या तोंडाला बसेल असा काळ्या पाषाणाचा गोळा अर्ध्या टनाच्या घरात जातो. तो उचलून नळीत सारायलाच माणसांची रांग लागेल, मग पुन्हा ठासणं, पुन्हा नेम. बत्ती दिल्यावर गोलंदाज आवाजाच्या भीतीने शेजारच्या हौदात बुडी मारत असे, ही वाटाड्यांची आवडती गोष्ट त्यापेक्षा खरी वाटते.

विजापुरातच हिचं उलट टोक पाहायला मिळतं. उपरी बुरुजावरची लमछडी लोखंडी पट्ट्यांना कडी ठोकून केलेली आहे, 30 फूट 8 इंच लांब, तोंड 12 इंचांचं. म्हणजे तोंडाच्या तीसपट लांबी. मुलूखमैदानची लांबी तोंडाच्या जेमतेम सहापट. आखूड नळीत दारूचा जोर गोळ्याला पुरता लागत नाही, गोळा जड आणि मंद जातो, नेम ढोबळ राहतो. लमछडी लांबवर आणि बेताने मारणाऱ्याची निवड. तिला कुणी उपमेत घेत नाही, याचं मला थोडं वाईट वाटतं.

परांड्याला उरलेल्या तोफाही बुरुजांवर पडून आहेत, काहींवर फारसी लेख आहेत. नळदुर्गच्या उपळी बुरुजावर हत्ती तोफ आणि मगर तोफ आहेत. जनावराच्या रूपात तोफ पाहण्याची खोड या मुलखाला सर्वत्रच होती.

1632 मध्ये तोफ हलली तेव्हा 10 हत्ती, 400 बैल आणि शेकडो माणसं लागली असं सांगतात. आकडे बाजूला ठेवले तरी साल विसरता येत नाही. 1630 ते 1632 हा दख्खनचा सर्वांत भयंकर दुष्काळ. वैरण नाही म्हणून मोगल फौजांना वेढे उठवावे लागत होते, गावंच्या गावं ओस पडत होती, आणि त्यातच दीडशे किलोमीटरांवरून, भीमा ओलांडून, हा जबडा ओढत नेला गेला. दातांत हत्ती धरलेल्या जनावराला खरे हत्ती ओढत होते. सोबतची कडक बिजली नावाची तोफ वाटेत नदीत गेली अशी आठवण लोक सांगतात.

दोन वर्षांनी, 1634 मध्ये, शहजादा शुजा आणि महाबतखान यांनी परांड्याला वेढा घातला. खंदक, सुरुंग, मोर्चे सगळं झालं. किल्ला पडला नाही. पावसाळ्याच्या तोंडावर मोगल माघारी फिरले आणि महाबतखान त्याच वर्षी वारला. मुलूखमैदान तेव्हा विजापुरात होती. 1686 मध्ये औरंगजेबासमोर विजापूरने दरवाजे उघडले, तेव्हाही ती तिथेच, तटावर होती.