गणेशखिंडीतील गव्हर्नर निवास : शैली, पाषाण आणि पैसा

प्रस्तावना

मराठी वास्तुसमीक्षेत लेणी, मंदिरे व किल्ले यांना मानाचे स्थान आहे. वाशीमचे बालाजी मंदिर किंवा कारंजाच्या वेशी यांविषयी अभ्यासक आस्थेने लिहितात. इंग्रजी अमदानीतील दगडी निवासांचे मात्र एक तर भाबडे कौतुक होते किंवा पारतंत्र्याची खूण म्हणून ते नजरेआड केले जातात. या दोन्ही दृष्टी अपुऱ्या आहेत, हे पुण्यातील गणेशखिंडीच्या गव्हर्नर निवासावरून स्पष्ट होते.

रचना व पाषाण

मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत १८६४ मध्ये या वास्तूचे काम सुरू झाले व १८७१ मध्ये ते पूर्णत्वास गेले. वास्तुरचनाकार जेम्स ट्रबशॉ हे होते. गव्हर्नरांनी पावसाळ्यात येथे राहावे, हा हेतू होता. उंच मनोरा आणि कमानींच्या रांगा यांमुळे या वास्तूची शैली इटालियन वळणाची मानली जाते व तिची तुलना व्हिक्टोरिया राणीच्या ऑस्बोर्न हाउसशी केली जाते.

ही तुलना उद्बोधक असली तरी ती अर्ध्यावर सोडता येत नाही. ऑस्बोर्नच्या भिंती विटांच्या असून त्यांवर दगडाचा भास निर्माण करणारा गिलावा आहे. गणेशखिंडीत मात्र प्रत्यक्ष दख्खनचा पाषाण आहे. वाशीमच्या टेकड्याही याच बेसाल्टच्या आहेत. हा कठीण दगड नाजूक नक्षीला सहजासहजी वश होत नाही. त्यामुळे या वास्तूचे सौंदर्य कोरीवकामापेक्षा घडीव भिंतींचा भारदस्तपणा आणि कमानींतील गडद सावली यांवर अधिक उभे आहे. शैली परकी असली, तरी तिचा अंतिम परिणाम इथल्या दगडाने ठरविला आहे.

मराठी वाडा चौकाभोवती वसतो आणि आत पाहतो. हे निवासस्थान बाहेर, बागेकडे पाहते. कुटुंबाची खासगी जागा राखण्यापेक्षा सत्तेचे दर्शन घडविणे, हे त्याचे प्रयोजन आहे.

पैसा व सत्ता

इंग्लंडमधील ग्रामीण हवेली बहुधा पिढीजात जमिनीवर उभी असे. कुळांच्या खंडावर तिचा डोलारा चाले. गणेशखिंडीत ना कुळे होती, ना वंशपरंपरा. गव्हर्नर मुदत संपताच मायदेशी परतत. घराचे रूप उचलले गेले, परंतु घर आणि भूमी यांचे नाते उचलता आले नाही. त्याची जागा सरकारी तिजोरीने घेतली.

१८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात हिंदी कापसाचे भाव भडकले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. १८५३ पासून इंग्रजी कारभाराखाली असलेल्या वऱ्हाडाचा कापूसही मुंबई बंदरातून परदेशी जात होता. वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हता. त्यामुळे येथील महसुलातून ही वास्तू उभी राहिली, असे म्हणणे चुकीचे ठरेल. मात्र ज्या तेजीच्या धुंदीत अशी बांधकामे आखली गेली, त्या तेजीत वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या घामाचा वाटा होता. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. बांधकाम मात्र चालूच राहिले आणि त्यावरील खर्चाबद्दल फ्रियर यांच्यावर टीका झाली.

२२ जून १८९७ रोजी याच वास्तूतील हीरक महोत्सवी समारंभाहून परतणाऱ्या रँड व आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. सत्तेचे हे दर्शन समाजाने कसे वाचले, याचे तेही एक उत्तर होते.

निष्कर्ष

१९४९ मध्ये पुणे विद्यापीठाची स्थापना झाली आणि ही वास्तू विद्येच्या स्वाधीन झाली. या स्थित्यंतराने तिचा पूर्वेतिहास पुसला जात नाही. तो समजून घेण्याची जबाबदारी मात्र आता विद्याक्षेत्रावर येते. शैलीचे नाव सांगून समीक्षा संपत नाही. दगड कोठला, हात कोणाचे आणि पैसा कोठून आला, हे तीन प्रश्न विचारल्यावरच ती सुरू होते. वाशीम जिल्ह्यातील जुन्या दगडी वास्तूंसमोरही हेच प्रश्न ठेवले, तर स्थानिक इतिहासाच्या अध्ययनाला निश्चित दिशा मिळेल.