मधल्या अंतराचा विसर

आषाढी वारीची जी छायाचित्रे दरवर्षी वृत्तपत्रांतून, दिनदर्शिकांतून आणि स्पर्धांच्या दालनांतून आपल्यापुढे येतात, ती एकत्र मांडून पाहिली तर त्यांत मुख्यतः दोनच प्रकार आढळतात: एक, दिवे घाटाच्या वळणांवरून सरकणारा पताकांचा प्रवाह किंवा रिंगणाचे रेखीव वर्तुळ, आकाशातून पाहिलेले, आणि दुसरा, पावसात भिजलेल्या एखाद्या वृद्ध वारकऱ्याचा सुरकुतलेला चेहरा, इतक्या जवळून घेतलेला की कपाळावरच्या बुक्क्याचे कण मोजता यावेत. या दोहोंत कसब नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्यांच्या मधला जो विस्तीर्ण मुलूख, जिथे माणसे एकमेकांशी बोलतात, टाळ सावरतात, पाण्याच्या टँकरपाशी भांडतात (भांडतातही, आणि त्याने वारीचे काही बिघडत नाही), तो आपल्या छायाचित्रकारांनी जवळजवळ ओसाड पडू दिला आहे, हे माझे गाऱ्हाणे आहे.

कॅमेरा कोठे ठेवावा हा निर्णय एके काळी वारंवार फिरवता येण्याजोगा नव्हता. इंदूरच्या बांधकाम खात्यात आराखडे काढण्याच्या नोकरीतून या कलेकडे वळलेल्या राजा दीनदयाळ यांना तिवईवरचा अवजड कॅमेरा आणि काचेच्या तबकड्या यांच्यासह जागा मुक्रर करावी लागे. आणि मागच्या धूसर काचेवर दृश्य डोके खाली, पाय वर असे उमटत असल्याने डोळ्यांना प्रथम राजवाडा वा सरदार न दिसता नुसते आकार, उजेडाचा आणि काळोखाचा भार एवढेच दिसे. ही अडचण म्हणजे रचनेची एक उत्तम तालीमच होती, असे मला वाटते. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायकाने कॅमेरा डोळ्याशी नेला आणि छायाचित्रकाराला जणू पाय फुटले. १९२९ च्या रोलायफ्लेक्सने, जो होमाई व्यारावाला यांच्याही हातात पुढे दिसे, त्याला छातीशी धरून मान लववायला लावले. रशियातील अलेक्सांद्र रोदचेन्को याने तर विसाच्या दशकात बेंबीच्या उंचीवरून काढलेल्या चित्रांविरुद्ध बंड पुकारून गच्च्यांवरून थेट खाली आणि रस्त्यावरून ताठ वर कॅमेरा रोखला; त्या काळी उंची ही सवयीच्या नजरेविरुद्ध दाखल केलेली फिर्याद होती. आज ती ड्रोनसह भाड्याने मिळते.

उद्धव ठाकरे यांच्या ‘पहावा विठ्ठल’ या पुस्तकातील, हेलिकॉप्टरमधून टिपलेली वारी प्रथम पाहताना जो विस्मय वाटला तो खोटा नव्हता. परंतु नवलाईचा शिरस्ता झाला की तिचे उणे उघडे पडते. वरून पाहताना डोईवरचे तुळशीवृंदावन हा एक हिरवा ठिपका होतो आणि त्याखालची बाई नाहीशी होते. रिंगणातल्या अश्वाची उंची जाते, त्याच्या टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी झेपावणारे हातही जातात. कोणी कोणाला झाकत नसल्यामुळे मांडणीचे काम बहुतांशी मैदानानेच करून ठेवलेले असते. निकटचित्राचीही गत तीच: पार्श्वभूमी विरघळवून टाकली की चौकटीत सोडवायचे असे काही उरतच नाही.

मधल्या अंतरावर मात्र पावलोपावली तंटे उपस्थित होतात. एकाची पताका दुसऱ्याच्या डोक्यातून उगवते, पखवाज चेहरा झाकतो, कडेने दिंडीच्या ट्रकचा अर्धा दरवाजा आत घुसतो. आणि या सगळ्यावर इलाज एकच, दोन पावले सरकणे. कारण यथार्थदर्शन ठरते ते उभे राहण्याच्या जागेवर, भिंगावर नव्हे. झूम फिरवल्याने चौकट लहानमोठी होते, पुढच्या माणसाचे मागच्याशी असलेले नाते तसेच राहते. दूर उभे राहून लांब पल्ल्याच्या भिंगाने घाटातली गर्दी दाटवून दाखवतात, तेव्हा दोन दिंड्यांमधले मोकळे अंतर गिळले जाते आणि दस्तऐवजाऐवजी देखावा वाचकाच्या पदरी पडतो. मोबाईलच्या पडद्यावरील चार रेषांचा आधारही येथे फारसा उपयोगी नाही. तो तृतीयांशाचा नियम १७९७ मध्ये जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने ग्रामीण निसर्गदृश्यांच्या संदर्भात मांडला होता, आणि चालत्या दिंडीला क्षितिजाची शिस्त लावता येत नाही.

हे असाध्य आहे असे मात्र नव्हे. रघुबीर सिंग यांनी अँबॅसडर मोटारीच्या दारे-खिडक्यांचीच चौकट करून देशभरचे रस्ते पाहिले आणि मुंबईच्या चित्रांत काचा-आरशांनी दृश्य दुभंगून एकाच चौकटीत अनेक घटना नांदवल्या. त्यांच्या चित्रात मुख्य माणूस कोणता याचा निवाडा लगेच होत नाही, आणि मला त्यातच त्यांचे थोरपण दिसते. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची जी कृष्णधवल चित्रे काढली, त्यांत माणूस त्याच्या कामापासून तोडलेला नाही.

वारीत अशा दृष्टीला वाव थोडा नाही. काटेवाडीला तुकोबांच्या पालखीखाली धोतरांच्या पायघड्या अंथरल्या जातात, तेव्हा अंथरणारे, उचलणारे आणि वाट करून देणारे यांचे परस्परांशी असलेले नाते हाच खरा विषय असतो. तरीही अशी चित्रे विरळा दिसतात, आणि याचा दोष एकट्या छायाचित्रकाराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. चित्र आता भिंतीवर न जाता तळहाताएवढ्या पडद्यावर जाते. तेथे एक वर्तुळ किंवा एक चेहरा तात्काळ वाचला जातो, आणि आठ माणसांचा व्यवहार धान्यासारखा बारीक होऊन जातो. स्पर्धांची प्राथमिक छाननीही पुष्कळदा तशाच पडद्यावर होते. मोठ्या कागदावर छापून, दोन हातांच्या अंतरावर उभे राहून पाहिल्याखेरीज ज्याचा निकाल लागू नये असे चित्र परीक्षकाच्या बोटाखालून क्षणार्धात सरकून जाते.