मातीचा पत्ता

भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी आपल्याच नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या एका चित्रपटगृहात त्यांनी प्रभू येशूच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि त्यातून ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झालेल्या 'राजा हरिश्चंद्र'चा जन्म झाला, ही हकिगत आपल्या समाजात मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. फाळके यांनी १९१७ साली 'नवयुग' मासिकात लिहिताना मात्र निराळी गोष्ट नोंदवली आहे. डोळ्यांसमोर ख्रिस्ताचे चरित्र सरकत असताना त्यांच्या मनश्चक्षूंना राम आणि कृष्ण दिसत होते. आपली माणसे, आपली भूमी पडद्यावर केव्हा अवतरेल, ही त्यांची तळमळ होती. परक्या भूमीतील ख्रिस्ताने एका नाशिककराला स्वतःच्या भूमीकडे परत पाठवले, असे म्हणावयास हरकत नाही.

ख्रिस्ती श्रद्धेच्या दृष्टीने यात वावगे काहीच नाही. देहधारणेचे रहस्य आपण मानतो. म्हणजे परमेश्वर 'सर्वत्र' या मोघम पत्त्यावर न येता एका विशिष्ट काळी, एका विशिष्ट खेड्यात आला. त्या खेड्याचे नाव ऐकताच तेथून काही चांगले निपजेल काय, अशी शंका नाथानाएलाने घेतली होती. खेड्यांकडे पाहणारा आपला चित्रपट पुष्कळदा नाथानाएलाच्याच नजरेने पाहतो. हिरवी शेते, बैलगाडी, पाणवठा एवढे दाखवले की गाव झाले! ज्या चित्रपटांना मातीचा खरा पत्ता आहे, असे महाराष्ट्राच्या भूमीवरील चार मराठी चित्रपट मला विशेष प्रिय आहेत. त्यांचा विचार येथे करावयाचा आहे.

पहिला अर्थातच प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' (१९३६). दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम भाविकांना भुरळ घालतो हे खरे; पण माझ्या मते चित्रपटाचा कणा आहे ती गौरीबाईंची जिजाई. घरात दाणा नाही, पोर आजारी आहे आणि नवरा भजनात दंग आहे, हे पाहून ती थेट विठोबालाच जाब विचारावयास देवळात जाते. ईयोबाचा ग्रंथ वाचलेल्या वाचकाला हा संताप परका वाटणार नाही. तुकाराम वैकुंठाला जातो; जिजाई घर आणि मुले घेऊन पृथ्वीवर राहते. संताच्या आभेबरोबर संसाराचे ओझेही तितक्याच प्रामाणिकपणे तोलणारा असा भक्तिपट विरळाच. सिनेमाच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने ४५ उत्तम चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. तीत पासोलिनीचा संत मत्तयाच्या शुभवर्तमानावरील चित्रपट योग्यच आहे. 'संत तुकाराम' मात्र नाही. ती उणीव यादीची आहे.

दुसरा मंगेश हाडवळे यांचा 'टिंग्या' (२००८). डोंगरात बिबट्यासाठी केलेल्या सापळ्यात पडून चितंग्या हा बैल जायबंदी होतो. बटाट्याची लागवड तोंडावर आलेली, डोक्यावर कर्ज. बाप बैल खाटकाला विकावयास निघतो. शेजारच्या रशिदाच्या आजीवर म्हातारपणी उपचार होतात, मग माझ्या बैलावर का नाहीत, हा टिंग्याचा प्रश्न आहे. शरद गोयेकर या मुलाने तो अशा निरागसतेने विचारला की त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. येथे खलनायक कोणीच नाही. बापही तितकाच घायाळ आहे. निफाड तालुक्यात कांद्याचे आणि टोमॅटोचे भाव कोसळलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्या बापाचे मौन उलगडून सांगावे लागत नाही. मुलाच्या प्रश्नाला धर्मशास्त्रात सोपे उत्तर नाही, आणि चित्रपट ते देण्याचा आव आणीत नाही. हेच त्याचे मोठेपण होय.

तिसरा उमेश कुलकर्णी यांचा 'देऊळ' (२०११). करडी गाय शोधणाऱ्या भोळ्या केश्याला उंबराखाली दत्ताचे दर्शन घडते आणि बघता बघता मंगरूळ गावात बाजार उभा राहतो. इस्पितळ मागे पडते, देऊळ उभे राहते. ही दुसऱ्यांच्या देवळाची गोष्ट म्हणून आपल्याला हसता येणार नाही. नवस, मेणबत्त्या आणि देणगीपेट्या आपल्याही तीर्थस्थानी आहेत; मंदिरातील सराफांचे चौरंग उलथून टाकणाऱ्या प्रभूचे आपण अनुयायी आहोत. एक उणे मात्र नोंदवावे लागेल. उत्तरार्धात उपहास इतका पसरट होतो की गर्दीतील एकेका भाविकाचे दुःख दिसेनासे होते. इस्पितळ नसलेल्या गावातील माणूस देवळाच्या पायरीवर का येतो, या प्रश्नापाशी दिग्दर्शकाने थोडे थांबावयास हवे होते.

चौथा आणि सर्वांत अवघड चित्रपट म्हणजे नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३). कैकाडी कुटुंबातील जब्या शाळेत जातो, प्रेमात पडतो, आणि साऱ्या गावासमोर त्याला डुकरामागे धावावे लागते. पकडलेले डुक्कर खांद्यावरून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले आदींची चित्रे दिसतात. दिग्दर्शक एक शब्दही बोलत नाही. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो.

तो दगड आपल्याही अंगणात पडतो, हे सांगितल्याविना हा लेख पुरा होणार नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात धुतली गेली, असे आपण व्यासपीठावरून सांगतो. सोयरीक जुळवताना आणि दफनभूमीच्या चर्चेत ती पुन्हा डोके वर काढते. 'फँड्री'मध्ये ख्रिस्ताचे नाव कोठेही नाही. तरीही भर गावात थट्टेचा विषय झालेल्या माणसाची व्यथा क्रुसाच्या वाटेचे ध्यान करणाऱ्यांना ओळखता येऊ नये काय?

देवाचे नाव घेतले म्हणून चित्रपट धार्मिक होत नाही आणि देवाविषयी मौन पाळले म्हणून तो अधार्मिक ठरत नाही. या चारही चित्रपटांनी एकेका गावाकडे निष्ठेने पाहिले, म्हणूनच ते गावाच्या शिवेपलीकडे पोहोचले. उपवासकाळात धर्मग्रामांच्या सभागृहांतून दरवर्षी येशूजीवनावरील परदेशी चित्रपट दाखवले जातात. ते जरूर दाखवावेत. त्यांच्या जोडीला एका संध्याकाळी 'टिंग्या' आणि एका संध्याकाळी 'फँड्री' दाखवावा, आणि दिवे लागल्यावर कोणीही लगेच उठून जाऊ नये.